सुहैरबाईंची गच्चीवरची मैफल

सुहैरबाईंबद्दल लिहायला माझ्यापेक्षा बरा माणूस आमच्या शुब्रा वस्तीत नक्की सापडेल. पण जो तो नुसता त्या गुरुवारचा गोंधळ सांगून हसतो, म्हणून मीच बसलो लिहायला. जमेल तसं.

बाईंनी नोकरीभर मुलींच्या शाळेत सकाळच्या रांगेला अकॉर्डियन वाजवला. निवृत्त झाल्या आणि अकॉर्डियन विकून त्यांनी एक छोटं ध्वनिमुद्रण यंत्र आणि जुना संगणक घेतला. मग इमारतीत काय वाजतं ते टिपत फिरायच्या. लिफ्टचं कण्हणं, लोणच्याच्या बरणीतली खदखद, कुणाच्या तरी खिडकीतून येणारं घोरणं. ते संगणकावर ताणायचं, कापायचं, उलटं फिरवायचं. "हे काय वाजतंय?" असं विचारलं तर म्हणायच्या, "आपल्या लिफ्टचं पोट दुखतंय."

हे सगळं चालायचं गच्चीवरच्या खोलीत. घरी बहीण. तिला कपात चमचा वाजलेलाही खपत नसे. खोली गेली की संगीत संपलं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. आणि नेमकी तीच खोली इमारतीच्या समितीचे प्रमुख हाजी बदावी यांना त्यांच्या कबुतरांसाठी हवी होती.

"बाई, हे संगीत नाही, छळ आहे," हाजी म्हणाले. "गुरुवारी सगळ्यांना विचारून टाकू."

"विचारा की. पण आधी ऐका. न ऐकताच फाशी देऊ नका."

गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर गच्चीवर खुर्च्या मांडल्या. चहा आला, भिजवलेले तेर्मिसचे दाणे आले. बाईंनी लिफ्ट ऐकवली. लोक लग्नात नवरीच्या मामाचं भाषण ऐकावं तसे शहाण्यासारखे बसले. "यावर नाचायचं कसं?" मागून कुणीतरी विचारलं.

मग आली टाकी. टण... टण टण. गॅसवाला येताना वाजवतो तसा लोखंडी पाना गॅसच्या टाकीवर आपटतोय, आधी लांब, मग जवळ, जणू त्याची गाडी आमच्याच गल्लीत वळली. त्या हिवाळ्यात गॅसचा असा तुटवडा होता, की हा आवाज आला की माणूस तोंडातला घास तसाच टाकून उठायचा.

"गॅस!" हाजींची बायको, अय्यूबची आई, ओरडली.

खुर्च्या उलटल्या. हाजी सगळ्यांच्या पुढे. प्रत्येक मजल्यावरून रिकाम्या टाक्या जिन्यात गडगडू लागल्या. मीही माझी ढकलत होतो. वळणावर सुहैरबाई यंत्र पुढे धरून उभ्या. "जरा सावकाश घरंगळू द्या हो! सगळा आवाज एकातएक होतोय!"

खाली गाडी नव्हतीच. समोरच्या इमारतीतलेही टाक्या घेऊन उतरले होते. सगळे एकमेकांकडे बघत होते आणि वर गच्चीवर संगणकातून टण टण चालूच.

हाजी धापा टाकत वर आले, मागून आम्ही. "बघितलंत? आपल्याला मूर्ख बनवलं! खोली रिकामी करावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा!" त्यांनी स्वतःचा हात वर केला. आणखीही दोन-तीन अर्धवट उठले.

"थांबा, नवीन ऐकवते. आत्ताच मिळालंय," बाई म्हणाल्या आणि कळ दाबली.

जिना गडगडू लागला. ढगांसारखा, खरं सांगतो, सुंदर वाटला. आणि त्यातून हाजींचा आवाज आला, "मागे व्हा सगळे! माझी टाकी आधी!"

गच्चीवर हसण्याचा स्फोट झाला. प्रत्येकाला रांगेत उभं राहायला शिकवणारे ते हेच हाजी.

"आपल्या लग्नात एवढा नावाजलेला गायक आणला होता," अय्यूबची आई म्हणाली, "तेव्हा खुर्चीवरून हलला नाहीत. आज सगळे मजले धावत उतरलात. घ्या तो हात खाली, लचक भरेल."

अर्धवट उठलेले हात कधीच डोकी खाजवायला लागले होते. हाजींचा तेवढा वर होता. तोही हळूहळू खाली आला.

"ठेवा खोली," ते पुटपुटले. "पण ते माझं पुसून टाका."

"पुसते," बाई म्हणाल्या आणि यंत्र त्यांच्या तोंडाजवळ धरलं. "फक्त आधी एकदा नीट ओरडता का, हाजी? 'आधी' जरा अस्पष्ट आलंय."