हाडं खाणाऱ्या पेशींचे पेढे

ओट्यावरून उतरताना आत्याचा तोल गेला आणि तेवढ्यानंच मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत. मी रजा काढून पुण्याहून गावी, भूमला आले.

गंमत म्हणजे प्रयोगशाळेत माझं काम यावरच चालतं. जुनं हाड विरघळवणाऱ्या पेशी आपल्या अंगात असतात. आधी त्या बारक्या, सुट्या असतात. मग एकमेकींत मिसळून मोठ्या होतात आणि हाड पोखरू लागतात. एक जनुक चालू झालं की ते या कामाची बाकीची जनुकं चालू करतं. उंदराच्या पेशींत आम्ही तेच पहिलं जनुक दाबून, म्हणजे बंद पाडून बघत होतो आणि दर वेळी काहीतरी बिघडत होतं.

बाजाराच्या दिवशी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून आत्या माझ्याबरोबर निघाली. बांगडीवालीपाशी थांबलो, तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीनं फोटो पाठवला. नेहमीच्या पेशी रंग दिल्यावर लालभडक, फुगलेल्या. जनुक दाबलेल्या मात्र सगळ्या सुट्या. लाल ठिपका शोधून सापडेना.

"आत्या, जमलं!"

"कुठला हाय मुलगा?"

बांगडीवालीनं हिरव्या बांगड्या काढल्यासुद्धा. शेजारचा मेथीवाला म्हणाला, "नोकरीला हाय का?" मला हसू आवरेना, त्यामुळे त्यांची खात्रीच पटली.

"मुलगा न्हाय, आत्या. पेशी. उंदराच्या."

मग तिथंच उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"म्हंजी आपलंच हाड आपल्याच अंगातलं कुणीतरी खातंय?"

"व्हय."

"मग मारून टाका की समद्यांला."

"न्हाय, जुनं काढल्याबिगर नवं बसत न्हाय. पण वय झालं की त्या लई खातात आणि भरायचं काम मागं पडतं. तेवढा आवर घालायचाय."

"माझ्या हाताला औषध हाय का मग?"

"तुमच्या हाताला डॉक्टरांच्याच गोळ्या घ्या. आत्ता नुसत्या प्रयोगशाळेतल्या बशीतल्या पेशींनी ऐकलंय."

"ऐकलं न्हवं? बास."

तिनं डाव्या हातानं पेढे घेतले आणि वाटेत भेटेल त्याला देत सुटली. "आमच्या पोरीचं उंदरांनी ऐकलं," एवढंच सांगायची. लोक पेढा तोंडात टाकून माझ्याकडं बघायचे आणि मी हसून हसून बेजार.

पुढं तिचा हात नीट जुळला. पुण्यात प्रयोग पुन्हा केला तेव्हा निकाल तोच आला आणि मी जिन्यात एकटीच खुदुखुदु हसत बसले.