एका वेळी एकच खांब

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी सलीमभाईंना दोनदा फोन लावला. त्यांनी उचलला नाही. पाच मिनिटांनी त्यांच्याच नंबरवरून फोन आला, पण आवाज त्यांच्या कामावरच्या जोडीदाराचा होता. "बापू, सलीमभाई खांबावरनं पडलं... हालत न्हाईत."

वडूजजवळच्या सबस्टेशनमध्ये मी ऑपरेटर आहे आणि सलीमभाई आमचे लाइनमन होते. अठरा वर्षं एकत्र काम केलं. त्यांनी लाइन बंद मागायची, मी बंद करून द्यायची आणि ते खाली उतरून सांगत नाहीत तोवर चालू करायची नाही. सकाळी आले की तक्रारींची वही पुढ्यात ओढायचे. कुणाची मोटर बंद, कुठं तार लोंबतेय, कुणाच्या गिरणीला एक फेज नाही... सगळं वाचून क्रम लावायचे आणि फक्त पहिलं काम चिठ्ठीवर उतरवून खिशात टाकायचे. ते झालं की परत येऊन दुसरं. फोन मोटरसायकलच्या डिकीत. साहेब चिडायचे, गावातले लोक शिव्या घालायचे. पण संध्याकाळी वही बघावी तर सगळ्यात जास्त कामं त्यांचीच पुरी झालेली. हे जमतं कसं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "जमायचं काय त्यात गड्या? एका वेळी एकच खांब. दुसऱ्याचा इचार डोक्यात आला की हात चुकतोय."

मला हे पटायला एक चूक व्हावी लागली. एकदा अहवाल भरता भरता, फोन कानाला लावून, मी भलतीच लाइन चालू करायला बटणाकडे हात नेला. सलीमभाई त्याच लाइनवर होते. कसाबसा थांबलो. ते आल्यावर मीच त्यांना सांगितलं. म्हणाले, "बापू, तुजं एक बोट आसतंय, आन आमचा आख्खा माणूस." त्यानंतर कुणी लाइनवर असलं की मी फोन बाजूला ठेवायचो. वर्षानुवर्षं पाळलं ते.

त्या दिवशी मात्र पाण्याच्या योजनेची मोटर बंद पडली होती आणि साहेब सारखे विचारत होते, लाइनमनला सांगितलं का? सलीमभाई उचलणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. 'लावला होता' एवढं साहेबांना सांगता यावं म्हणून मी फोन लावला.

फोन डिकीत नव्हता. त्यांची लेक बाळंतपणासाठी सांगलीच्या दवाखान्यात होती, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ते खिशात फोन घेऊन वर चढले होते. पहिल्यांदा वाजला तेव्हा त्यांनी लक्ष दिलं नाही, असं जोडीदार सांगतो. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा ते खांबाला बांधलेला कमरेचा पट्टा सोडून पलीकडे सरकत होते. हात खिशाकडे गेला.

चौकशीत मी सगळं लिहून दिलं. कागदावर अपघात म्हणून नोंद झाली, मला कुणी काही बोललं नाही. पण सलीमभाईंच्या बायकोला, भाभींना, तोंड दाखवायला मला चाळीस दिवस लागले. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला आलेली माणसं पांगल्यावर मी त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "भाभी, तो फोन माझा होता."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "फोनवर तुमचं नाव बघितलंय मी." मांडीवरच्या नातवाला त्यांनी दुसऱ्या हातावर घेतलं.

"बापूभाऊ, ह्यो त्या दिवशी सकाळी नऊ वाजताच झाला हुता. पोरगी म्हणत हुती, अब्बाला फोन लाव. मीच म्हणलं, ते कामावर फोन घेत न्हाईत... घरी आल्यावर सांगू."