पावण्याची खवणी कोलंबोला

हारुन हळदे मूळचे म्हसळ्याचे. कुवेतमध्ये नऊ वर्षं त्यांनी लेथवर काम केलं आणि १९९० साली तिथे लढाई पेटली तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी परत आले. बायकोचे, खदीजाभाबींचे, दागिने मोडून त्यांनी पावण्याच्या एमआयडीसीत एक छोटा गाळा घेतला. मी तेव्हा तिथल्या लघुउद्योजक संघटनेच्या ऑफिसात टायपिस्ट होते. पत्रं, अर्ज, तक्रारी, सगळं माझ्या टाइपरायटरवरून जायचं, त्यामुळे रांगेतल्या प्रत्येक गाळ्याची कुंडली मला पाठ होती.

हारुनभाई नारळ खवायचं यंत्र बनवायचे. मोटरवर फिरणारं दातेरी पातं, त्यावर नारळाची वाटी धरायची, की खाली परातीत खोबऱ्याचा चव पडायचा. हॉटेलवाले, केटरिंगवाले ते घेऊन जायचे. गंमत म्हणजे समोरच्याच गाळ्यात साताऱ्याकडचे मानसिंग जगदाळे अगदी तसलंच यंत्र बनवायचे. वाशीच्या एका गिऱ्हाइकावरून दोघांचं वाजलं होतं आणि तेव्हापासून मधल्या आठ पावलांच्या रस्त्यावरून कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

१९९६ साली संघटनेकडे एका योजनेचं पत्रक आलं. दक्षिण आशियातल्या देशांनी एकमेकांत व्यापार वाढवावा, त्यात लहान कारखानदारांनाही जागा मिळावी, यासाठी हॉलंडच्या सरकारकडून येणारी मदत. रोख काही मिळणार नव्हतं. मिळणार होता एक जाणकार माणूस, तीन आठवड्यांसाठी, आणि त्याच्या सहीनं कोलंबोच्या प्रदर्शनात एक स्टॉल. अट एकच. जे शिकाल ते शेजारच्या कारखानदारालाही शिकवायचं. मी ती अट मोठ्यानं वाचून दाखवली होती, पण हारुनभाई तेव्हा मनानं कोलंबोला पोचले होते.

आलेला माणूस म्हणजे हेंक. वय अडुसष्ट, आयुष्यभर बेकरीची यंत्रं बनवलेली. मी दुभाषी. पहिल्याच दिवशी खदीजाभाबी डबा घेऊन आल्या आणि हेंकचं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेलं. तर्जनीचं टोक नव्हतं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

भाबी हसल्या. "आमच्याच यंत्रानं खाल्लं."

हेंक हसले नाहीत. त्यांनी मोटर बंद केली. "हे यंत्र असंच कोलंबोला न्यायला मी सही देणार नाही."

हारुनभाईंचा चेहरा उतरला. "पाच वर्षं विकतोय साहेब. एकाची तक्रार नाय!"

"तक्रार तुमच्या घरात आहे," हेंक म्हणाले.

ते मराठीत सांगताना माझीच जीभ अडखळली. हारुनभाईंनी पाना उचलला आणि पातं खोलायला घेतलं.

पुढचे दिवस मी विसरणार नाही. पात्याभोवती जाळी आली. वाटी हातानं धरायची नाही, दांड्याला लावलेल्या पकडीत बसवायची. दांडा सोडला की मोटर बंद. खोबरं काळं पडत होतं म्हणून लोखंडाचं पातं जाऊन स्टीलचं आलं. चव तपासायचं काम भाबींचं. "हा चव नाय, चटणी झाली. दाते मोठे करा," त्या म्हणायच्या. "अजून थोडं अलीकडे थांबवा, करवंटीजवळची काळी साल येतेय." हेंक त्यांचा शब्द न् शब्द वहीत लिहून घ्यायचे. आपलं बोलणं असं कुणी लिहून घेतंय हे भाबींच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

एकोणिसाव्या दिवशी हेंकनी सही केली आणि जाताना मला त्या अटीची आठवण करून दिली.

"त्या मानसिंगला? माझं ड्रॉइंग?" हारुनभाई भडकले. दोन दिवस ते ऑफिसात फिरकलेच नाहीत. शेवटी भाबीच त्यांना म्हणाल्या, "तो म्हातारा आपला कोण? तरी एवढ्या लांबनं आला. त्यानं आपल्यापासून काय लपवलं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हारुनभाई ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन समोर गेले. मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होते, ऐकतही होते.

"काय वं हारुनभाई, वाट चुकला का?" मानसिंगराव म्हणाले.

"हे घ्या. सगळी मापं आहेत."

मानसिंगरावांनी कागद उलगडून कितीतरी वेळ पाहिला. "आन् माज्याकडनं काय पायजे?"

"काय नको. फक्त उघडं पातं आता विकू नका."

महिन्याभरानं संघटनेच्या फोनवर कोलंबोहून हारुनभाईंचा आवाज आला. मल्लिका नावाच्या बाईंनी, ज्या तिथल्या कँटीनना सामान पुरवायच्या, स्टॉलवर स्वतः पाच नारळ खवून पाहिले होते आणि साठ यंत्रांची ऑर्डर दिली होती. मुदत दोन महिने. हारुनभाईंच्या गाळ्यात महिन्याला फार तर पंधरा व्हायची.

"मानसिंगरावांना बोलाव लवकर!"

मी धावत गेले. ते हात पुसत आले.

"तीस तुम्ही, तीस मी. जमेल?" पलीकडून आवाज आला.

"न जमाया काय झालं? तुमी सुखरूप या. मी आजच पत्रा आनतो."

साठच्या साठ यंत्रं वेळेत बोटीवर चढली. प्रत्येक यंत्र पेटीत जाण्याआधी दोन्ही गाळ्यांत भाबींनी स्वतः चालवून पाहिलं. एक त्यांनी मानसिंगरावांना परत खोलायला लावलं, आणि त्यांनी कुरकुर न करता खोललं. पुढच्या वर्षी पुन्हा ऑर्डर आली, मग काठमांडूहूनही. दोघांनी मिळून एक मोठा गाळा भागीत घेतला.

तेव्हा हारुनभाईंनी मला हेंकना पत्र लिहायला बसवलं. "लिही. साहेब, तुमच्या देशातल्या लोकांनी टॅक्स भरला, त्यातनं तुमचं विमानाचं तिकीट निघालं. मी त्यांना ओळखत नाय, ते मला ओळखत नायत. त्यांना माझा सलाम सांगा."

दीड महिन्यानं उत्तर आलं. हेंकनी ते पत्र त्यांच्या गल्लीतल्या बेकरीत सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. तेव्हा बेकरीवाल्या बाईनं विचारलं होतं, हे खवलेलं खोबरं खातात तरी कशात? खदीजाभाबींनी मला ओलं खोबरं घालून वाफवलेल्या सांदणांची कृती दोन पानं भरून सांगितली. तीही मी टाइप केली.