बाहीवरचं क्रीम

नाशिकच्या बेकऱ्यांतून व्हॅनिलाचा वास आला की मला मस्कतमधली नव्वदच्या दशकातली ती संध्याकाळ आठवते. ह्यांच्या बाहीला क्रीम लागलेलं, आणि डब्याच्या पिशवीत तळाशी लपवलेलं ग्रीटिंग कार्ड. अक्षर बाईचं.

"कुणाचा वाढदिवस?"

"माझा."

"तुमचा तर नागपंचमीला असतो!"

"अगं, आमच्या देवळा गावच्या गुरुजींनी शाळेत घालताना एक जून लिहिली. पासपोर्टवर तीच तारीख. ऑफिसातल्यांनी केक आणला."

मी पासपोर्ट काढून पाहिला. एक जूनच होती. तरी संशय जाईना.

"मग कार्ड लपवलंत कशाला?"

"फाडशील म्हणून. आयुष्यातलं पहिलंच आहे."

दर नागपंचमीला मी दिंडं उकडायचे, नागोबाला लाह्या वाहायचे. ह्यांना मात्र एकदाही ओवाळलं नव्हतं.