उभ्या विमानाला गोटा

आमच्या बुढीचा नेम चुकत नसे. नवरा म्हणून मोठेपणा सांगत नाही. तो नेम नवऱ्यालाच जास्त सोसावा लागला. चुलीपाशी बसल्या जागेवरून ती चिमटा फेकायची आणि तो ओट्यावरच्या कुत्र्याच्या बरोबर पुढ्यात पडायचा. कुत्र्याला लागायचा नाही, पण कुत्रं समजून जायचं. गावात तिला गोफणवाली म्हणत. ते नाव तिला आवडायचं.

उंद्रीहून लग्न होऊन ती आली तेव्हा आमच्या वावरात ज्वारी असायची. कणसात दाणा भरला की वावराच्या मधोमध चार बल्ल्यांचा माळा उभा राहायचा आणि त्यावर गोफण घेऊन ही. तिथून तिला सगळं दिसे. पाखरांचा थवा कुठून निघाला, कोणाचं ढोर कोणाच्या बांधावर चढलं, मी कोणत्या झाडाखाली आडवा झालो. मला उठवायलाही गोटाच यायचा, थेट झाडाच्या बुंध्यावर. वरून आवाज यायचा, "उठता का दुसरा फेकू?"

मग बीटी आली, कापसाचं नवं बी. पहिल्या वर्षांत बोंडं अशी लागली की साऱ्या गावानं ज्वारी सोडली. आम्हीही सोडली. या बांधापासून त्या बांधापर्यंत नुसती पऱ्हाटी. पऱ्हाटीला पाखरं राखावी लागत नाहीत, म्हणून माळा मोडला आणि त्याची लाकडं मी चुलीत घातली. बुढी जी खाली उतरली ती कंबरेत वाकलीच. निंदण, फवारणीचं पाणी, वेचणी. पऱ्हाटी डोक्याएवढी झाली की ओळीत शिरलेल्या बाईला पलीकडची बाई दिसत नाही. ती म्हणायची, "मले याच्यात कोंडल्यावानी होते. चिंधीएवढं आभाय दिसते, बस." पुढं बोंडात गुलाबी अळी निघाली. वरून बोंड चांगलं, फोडलं की आत घाण. तरी दरसाल कापूसच लावला. ज्वारीचं बी कोणाच्या घरात उरलंच नव्हतं.

अशात फाट्यावरच्या बगीच्यात फौजेचं विमान आलं. जुनं, कामातून काढलेलं. सिमेंटच्या तीन खांबांवर चढवलं, भोवती लोखंडी कुंपण घातलं. राखणीला शेखचाचा, स्वतः फौजेतून रिटायर झालेले. वेचणीच्या बाया ऑटोची वाट पाहत त्याच कुंपणापाशी उभ्या राहायच्या. एकदा बुढीनं विचारलं, "चाचा, याची बंदूक कुठी हाय?"

"इसको बंदूक नाही भाभी. पोटात क्यामेरे होते. उंचावरून फोटो काढे, दुश्मन कुठी हाय ते पाहे, न् वापस ये."

"म्हणजे माळ्यावरचीच राखण," बुढी म्हणाली. "मंग याले काऊन उतरवलं? याचीबी ज्वारी सरली काय?"

चाचा इतके हसले की त्यांना खोकला आला. त्या दिवसापासून ते विमान तिचं नात्यातलं झालं. येता-जाता ती त्याच्याकडे पाहून म्हणायची, "बसा बाप्पा, तुम्हीबी बसा."

विमानाच्या तोंडात, जिथून हवा आत जाते त्या भोकात, साळुंक्यांनी घरटं केलं होतं. झेंडावंदनाच्या आधी रंगवायला माणसं आली. त्यांनी विमान चकाचक केलं आणि घाण नको म्हणून त्या तोंडाला तारेची जाळी बांधली. रंग झाला, शिडी घेऊन गेले. संध्याकाळी आम्ही निंदणावरून परतलो तर साळुंक्यांची जोडी चोचीत किडे धरून जाळीवर आपटत होती. आतून पिल्लांची चिवचिव.

"चाचा, जाळी काढा."

"भाभी, शिडी नाही. न् वरून हुकूम पाह्यजे. सुट्टी हाय, साहेब परवा येतीन."

"परवालोक पिल्लं जगतीन?"

मी म्हणालो, "चाल घरी. जनमभर पाखरायले गोटे मारले, आता कायची दया येऊन राह्यली तुले?"

ती माझ्याकडे वळली. "मी हाकलत होती. खाऊन उडून जाय म्हणत होती. कोंडलं नाही कोणाले."

आणि खरंच घरी गेली. मला वाटलं, विषय संपला. पण ती गोफण घेऊन परत आली. ओच्यात गोटे. कुंपणाशी गर्दी झाली. पोरं हसू लागली तशी ओरडली, "बाजूले व्हा बे, टकुरं फुटतीन!" गोफण डोक्यावर फिरली. पहिला गोटा जाळीच्या कडेवर टण्णकन बसला. दुसऱ्यानं नव्या रंगाचा टवका उडवला. चाचांनी कपाळाला हात लावला, पण तिचा हात धरला नाही. पुढच्या गोट्यांनी कोपऱ्याची तार सुटली, जाळी वाकली आणि साळुंकी त्या फटीतून आत शिरली.

साहेब आले तेव्हा चाचांनी सांगितलं की वाऱ्यानं जाळी सुटली. टवक्याचं विचारलं, तर म्हणाले, "गारा पडल्या." बुढीला मात्र सलाम ठोकून म्हणाले, "लढाईत याले कोणी गोटा लावला नसन भाभी."

कापसाच्या धुळीनं जडलेला तिचा दमा त्यानंतर वाढला. शेवटच्या साली भाव नव्हता, म्हणून कापूस घरातच भरला. आढ्यापर्यंत. खिडकी त्याच्यामागं गेली, दारापाशी एक खाट तेवढी मावली. त्या खाटेवर ती. अंगाला खाज, छातीत घरघर. आमचा पोरगा म्हणे, भाव चढू दे. ती म्हणे, "हे घर कापसाचं हाय. आपण पाव्हणे."

एका सकाळी मला म्हणाली, "कोपरा तरी मोकया करा. त्या जाळीवानी."

मी दोन्ही हातांनी कापूस उपसला, अंगणात फेकला. पोरगा ओरडत राहिला. खिडकी हाताला लागली तशी उघडली. निंबाच्या वरून विमानाचं शेपूट दिसत होतं.

"दिसते का?" मी विचारलं.

"हाव. शिरून राह्यल्या."

एवढ्या लांबून साळुंक्या दिसणं शक्य नव्हतं. पण माळ्यावरून तिला काय दिसायचं ते मला कधी दिसलं नव्हतं, म्हणून मी वाद घातला नाही. गेली तेव्हा तिचं तोंड खिडकीकडेच होतं.

कापूस मिळेल त्या भावात गेला. खोली रिकामी झाली, पण मी खाट हलवली नाही. दिवसभर तिथंच पडून असतो. बाहेर जावं असं कुठं वाटत नाही. उघड्या खिडकीतून साळुंक्या येतात, आढ्यावर काड्या रचतात, माझ्या अंगावर घाण करतात.

परवा पोरगा मापाची पट्टी घेऊन आला. "बाबा, खिडकीले जाळी बसवून टाकू."

मी खुंटीवरच्या गोफणीकडे बोट दाखवलं. म्हटलं, "बसवून तर पाह्य."