बत्ह्यातल्या खोलीचं दार

आमच्या घरी जेवायच्या वेळी आई दार लोटून घ्यायची. लपवून खावं असं ताटात काही नसायचं. पेज, आणि असलाच तर भाजलेला सुका बोंबील. बाबा दुसऱ्याच्या लाँचवर खलाशी होते. छातीच्या दुखण्यानं ते घरी बसले आणि आई बंदरावर लोकांची सुकट निवडायला जाऊ लागली. जेवताना कोणी दारात आलं तर 'या, जेवा' म्हणावं लागणार, आणि त्या पेजेत आणखी पाणी घालायची सोय उरली नव्हती. त्या लोटलेल्या दाराआड मी बी. कॉम. झालो. खानदानात पहिला. हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो.

त्यामुळे रियाधला आल्यावर बत्हा या जुन्या वस्तीतली ती खोली बघून मी चक्रावलोच. आमच्या गावकऱ्यांनी मिळून भाड्यानं घेतलेली खोली. राजधानीत काम करणारे आम्ही काही जण तिथं राहायचो, आणि सौदीत कुठंही असलेला गावचा माणूस रियाधला आला की तिथंच उतरायचा. खोली सांभाळायचे खालू. नात्यानं माझ्या मावशीचे यजमान, पण सगळेच त्यांना खालू म्हणत. दाराची आतली कडी त्यांनी स्वतःच्या हातानं उपसून टाकली होती. कोणी जिना चढून आलं की कोण, कुठला, हे विचारायच्या आधी म्हणायचे, "आयलास? जेव पयलं."

मला ते 'ग्रॅज्युएट' म्हणत. कोपऱ्यावरच्या मलबारी चहावाल्यालाही बजावत, "ये हमारा ग्रॅज्युएट है, इसकी चाय में कंजूसी नहीं." मी संकोचायचो, खरं तर आवडायचंही.

नवा माणूस आला की पहिल्या जुम्म्याच्या नमाजानंतर खालू त्याला कुणाच्या तरी पिकअपमधून दिरियाला न्यायचे. रियाधच्या काचेच्या इमारती मागे पडायच्या आणि खजुरांच्या बागांपलीकडे मातीचं जुनं शहर उभं राहायचं. पडकं, सुनसान. इथल्या राजांची पहिली गादी तिथली. "हात लाव भिंतीला," मला नेलं तेव्हा खालू म्हणाले. मी लावला. ऊन खाऊन भिंत गरम झाली होती. "बघितलंस? ह्यांचे बापजादे पण मातीच्याच घरात ऱ्हायले. पासपोर्ट कफीलच्या, मालकाच्या कपाटात असंल, पण मान आपल्याच खांद्यावर हाय. ती खाली नको घालूस." कॉलेजनं मला पदवी दिली होती. ताठ उभं राहायला मी त्या भिंतीपाशी शिकलो.

मग कुवेतवर इराकचं सैन्य चालून आलं. खालूंचा एकुलता एक मुलगा, इस्माईल, तेव्हा अल खफजीत होता, कुवेतच्या अगदी सीमेवर. तेल कंपनीच्या कॅम्पात स्वयंपाकी. त्याचा व्हिसा खालूंनीच खटपट करून मिळवला होता. जानेवारीत बॉम्बहल्ले सुरू झाले आणि खफजी रिकामं होऊ लागलं. इस्माईलचा पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात, आणि शहर सोडायचं परवानगीपत्र देणारे साहेब आधीच पळालेले. फोन लागेना. एका सकाळी रेडिओनं सांगितलं, इराकी खफजीत शिरले. खालूंनी रेडिओ बंद केला, उठले आणि भाताच्या टोपात एक मूठ तांदूळ जास्त टाकला. त्या दिवसापासून रोजच टाकायचे.

रियाधवर क्षेपणास्त्रं पडायला लागली होती. त्यांतून विषारी गॅस येईल अशी सगळ्यांना धास्ती. आम्ही खिडक्यांना, दाराला टेप चिकटवली, दाराच्या फटीशी ओला टॉवेल कोंबला. संध्याकाळी भोंगा वाजला तसे खालू उठले आणि दाराची टेप ओढून काढू लागले.

"खालू, डोकं फिरलं काय?" आमच्यातला वेल्डर मूसा ओरडला. "गॅस आला तर सगळेच मरू!"

"तुमी आतनं लावून घ्या. मी जिन्यावर बसतो."

"ए ग्रॅज्युएट, तू तरी सांग म्हाताऱ्याला!"

मी त्यांच्यामागे बाहेर गेलो. म्हटलं, "इस्माईल आला तर दार वाजवील की, खालू."

"वाजवील. ह्या भोंग्यात तुला आयकू येल?" अंगाभोवती घोंगडी ओढत ते पायरीवर बसले. "बंद दार बघून माघारी फिरला, तर ह्या मुलखात तो जाईल कुठं रं?"

मी आत आलो. मूसानं टेप लावली. वर आभाळात काहीतरी फुटलं, खिडक्या थरथरल्या, आणि दारापलीकडून खालूंचा खोकला ऐकू आला.

त्यानंतर प्रत्येक भोंग्याला ते जिन्यावर. वाळवंटातली ती थंडी हाडात शिरते. खोकला वाढत गेला. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचे, "पोरगा आला की जाऊ."

खफजी परत मिळाल्यावर एका दुपारी इस्माईल आला. कॅम्पाच्या कोठारात लपून राहिला होता; एका पठाणानं त्याला ट्रकमधून आणलं. कपडे, केस, पापण्या, सगळं धुळीनं माखलेलं. खालू पायरीवरच बसले होते. त्यांनी त्याला जवळ घेतलं नाही, की रडले नाहीत.

"आयलास? जेव पयलं."

वाढायला म्हणून उठले, पण हातातून पळी निसटली. भात इस्माईलनं स्वतःच वाढून घेतला. खालू त्याच्यासमोर बसून राहिले, त्याचं ताट रिकामं होईपर्यंत. मगच आमच्याबरोबर दवाखान्यात आले. न्यूमोनिया झाला होता. युद्ध थांबायच्या आत ते गेले.

तिथं कबरीवर नाव लिहीत नाहीत. मातीचा उंचवटा आणि उशाशी एक दगड. त्या मातीचा रंग दिरियाच्या भिंतीसारखाच होता. माणसं पांगल्यावर इस्माईल खाली बसला आणि त्यानं मातीवर तळहात टेकला. त्यालाही खालूंनी भिंतीला हात लावायला नेलं असणार. मीही हात टेकला. ही माती गार होती.

ती इमारत पाडली जाईपर्यंत खोली इस्माईलनं आणि मी सांभाळली. दाराला कडी बसवली नाही. पुढे मी अकाउंटंट झालो, गावी घर बांधलं. बाबा ते बघायला उरले नव्हते, आईनं पाहिलं. त्या घरात जेवायच्या वेळी दार उघडं असतं.