कोठीची कडी

ही वही कुणी वाचलीच, तर चुका आणि वाकडं अक्षर पोटात घाला. मी चौथीच शिकले. खोबरेलाचा वास आला की नागपूरचं मुलींचं होस्टेल आठवतं. तिथे मी पोळ्या लाटायचे. नव्या मुलींनी केस तेलानं चोपडून, मान खाली घालूनच जेवायला यायचं, असा मोठ्या मुलींचा हुकूम होता. मला तो हुकूम तेव्हा ठाऊक नव्हता; वाटायचं, माझ्यासारख्याच लाजाळू पोरी. एका दुपारी धान्याच्या कोठीचं दार आतून वाजलं, एक नवी पोर ओरडत होती. “मावशी, काढ वं मले! हिसकावलेले मेसचे पैसे मागितले म्हणून कोंडलं हिनं!” बाहेर एक मोठी मुलगी उभी होती. “कडी काढशील तर तुझं काम गेलं समज, मावशी.” माझं घर त्या कामावरच चालायचं. तरी मी कडी काढली. पोरीला वॉर्डनबाईंकडे नेलं, तिचा तेलकट हात त्यांच्या हातात दिला आणि तिनंच सगळं सांगितलं. आजही कडी वाजली की ती धमकी आठवते. पण माझं काम टिकलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या मुलीनं पोरीचे सगळे पैसे बाईंसमोर परत केले.